स्वीडनचे १९७६ आणि सोलापुरातले पाच शनिवार

सोलापुरात शनिवारी संध्याकाळी पैसे मोजून कोणी स्वीडनचा इतिहास ऐकायला जाईल, यावर माझ्या घरात कोणाचाही विश्वास बसला नाही. रेल्वे लाईन्स भागातील एका खासगी अभ्यासिकेने यंदा सशुल्क अभ्यासवर्ग सुरू केले असून, एका वर्गात एका देशाचे एकच वर्ष घ्यायचे, असा त्यांचा बेत आहे. पहिल्या वर्गासाठी त्यांनी स्वीडन हा देश आणि १९७६ हे वर्ष निवडले होते. पाच शनिवार, प्रत्येक वेळी दोन तास, शुल्क ९०० रुपये, आणि त्यातच एक छापील पुस्तिका व मध्यंतराचा चहा. मी एकही शनिवार चुकवला नाही. पुढच्या वर्गाला नाव घालावे की नाही, असे दोघा-तिघा परिचितांनी विचारले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझ्या जाण्यामागे धंद्याचे कारण होते. मी चाळीस वर्षांहून अधिक काळ या शहरात करसल्लागार म्हणून काम केले. टॉवेल-चादरींचे कारखानदार, यंत्रमागधारक, अडते, डॉक्टर अशा सर्वांची विवरणपत्रे भरली. १९७६ साली मी नुकताच बी.कॉम. होऊन नव्या पेठेतील एका वकिलांच्या कचेरीत उमेदवारी करीत होतो. या वर्गाच्या माहितीपत्रकावर ‘शंभर रुपयांवर एकशे दोन रुपये कर’ अशी एक ओळ होती. ती वाचून मी पत्रक घडी घालून खिशात ठेवले. करात असे होऊ शकत नाही, असे मला चांगले ठाऊक होते. निदान तेव्हा तसे वाटत होते.

पहिला शनिवार पंचवीस मिनिटे उशिरा सुरू झाला, कारण प्रोजेक्टरची वायर मिळत नव्हती. व्याख्याते राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत, आवाज खणखणीत आहे आणि कागदात डोके घालून वाचण्याची सवय त्यांना नाही, ही मोठीच सोय म्हणायची. पहिल्या दिवशी त्यांनी १९७६ च्या आधीची पार्श्वभूमी सांगितली. सोशल डेमोक्रॅट पक्ष १९३२ पासून सत्तेवर, पंतप्रधान ओलोफ पाल्मे १९६९ पासून, आणि अर्थमंत्री गुन्नर स्ट्रेंग तर १९५५ पासून त्याच खुर्चीत. पुस्तिकेत ‘सलग ४४ वर्षे’ असे छापले आहे ते बरोबर नाही. १९३६ च्या उन्हाळ्यात सुमारे तीन महिन्यांसाठी दुसऱ्या पक्षाचे सरकार आले होते. चूक लहान आहे, पण ज्या वर्गाचा विषयच एक वर्ष आहे, तिथे वर्षांच्या बाबतीत ढिलाई नको.

या दिवसाचा उत्तम भाग होता तो ‘लॉटरीच्या संसदे’चा. १९७३ च्या निवडणुकीत ३५० जागांपैकी दोन्ही बाजूंना बरोबर १७५-१७५ जागा मिळाल्या आणि पुढची तीन वर्षे काही ठरावांचा निकाल चक्क चिठ्ठी काढून लावावा लागला. वर्गातील एका बाईंनी ताबडतोब म्हटले, की यात नवल ते काय, आमच्याकडे सभापतिपदाला समान मते पडली की लहान मुलाच्या हाताने चिठ्ठी काढतात. सगळे हसले, आणि सरांनीही तो धागा पकडून पुढचे सांगितले: असा प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून १९७६ च्या निवडणुकीपासून जागा ३४९ केल्या गेल्या, १ जानेवारी १९७५ पासून लागू झालेल्या नव्या राज्यघटनेने राजाकडे केवळ मानाचे स्थान ठेवले, आणि मतदानाचे वय १८ वर आणल्यानंतरची ही पहिलीच सार्वत्रिक निवडणूक होती. आपल्याकडे ते वय पुढेही बरीच वर्षे २१ होते.

दुसरा शनिवार चित्रपट-दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांच्यावर खर्च झाला. ३० जानेवारी १९७६ रोजी स्टॉकहोमच्या रॉयल ड्रॅमॅटिक थिएटरमध्ये स्ट्रिंडबर्ग यांच्या नाटकाची तालीम चालू असताना साध्या वेशातील पोलीस आले आणि करचुकवेगिरीच्या आरोपावरून त्यांना घेऊन गेले. आरोप १९७० सालच्या, सुमारे पाच लाख क्रोनांच्या एका व्यवहाराचा होता. त्यांच्या स्वित्झर्लंडमधील कंपनीशी तो संबंधित होता. २३ मार्चला आरोप मागे घेतले गेले, पण तोवर हा माणूस आतून मोडला होता आणि रुग्णालयात उपचार घेत होता. एप्रिलमध्ये त्यांनी देश सोडला आणि पुढची काही वर्षे म्युनिकमध्ये राहून काम केले. सरांनी तालमीचा प्रसंग फार सुरेख उभा केला. मात्र नंतरचा पाऊण तास त्यांनी बर्गमन यांच्या चित्रपटांतील मौनाविषयी जे काही सांगितले, ते या वर्षाशी कसे जोडायचे हे मला कळले नाही. माझ्या शेजारचे गृहस्थ त्या पाऊण तासात दोनदा घोरले.

माझ्या दृष्टीने नऊशे रुपये वसूल झाले ते तिसऱ्या शनिवारी.

आस्ट्रिड लिंडग्रेन यांचे नाव आपल्याकडे फारसे परिचित नाही. पिप्पी नावाच्या दांडगट, स्वतंत्र बाण्याच्या मुलीच्या गोष्टी लिहिणाऱ्या, लहान मुलांच्या लाडक्या लेखिका. त्या वेळी वय ६८, आणि आयुष्यभर सोशल डेमोक्रॅट पक्षाच्याच बाजूच्या. आपल्या उत्पन्नावरचा सीमांत कर, म्हणजे वाढीव कमाईवर लागणारा कर, १०२ टक्के लागतो आहे, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी ना मोर्चा काढला, ना न्यायालयात धाव घेतली. १० मार्च १९७६ रोजी ‘एक्सप्रेसेन’ या सायंदैनिकात त्यांनी एक गोष्ट लिहिली. मोनिस्मानिया नावाच्या देशात पोम्पेरिपोसा नावाची एक बाई मुलांसाठी पुस्तके लिहीत असते, आणि तिची पुस्तके जितकी जास्त खपतात तितके तिच्या हातात कमी उरते, अशी ती गोष्ट.

सरांनी गोष्ट रंगवून सांगितली आणि ते पुढे जाऊ लागले. तिथे मला राहवले नाही. मी हात वर करून म्हटले, सर, हिशेब फळ्यावर मांडू या. त्यांनी खडू माझ्याच हाती दिला. गोष्टीतला हिशेब असा आहे: उत्पन्न २० लाख क्रोना. त्यातले पहिले दीड लाख वेगळे काढले, तर कर भरून त्यातून ४२ हजार हातात राहतात. उरलेल्या १८ लाख ५० हजारांवर कर १०२ टक्के, म्हणजे १८ लाख ८७ हजार. उत्पन्नापेक्षा कर ३७ हजारांनी जास्त झाला. तो भरायचा कशातून, तर आधी उरलेल्या ४२ हजारांतून. बेचाळीसमधून सदतीस गेले, राहिले पाच हजार. वीस लाख कमावणाऱ्या बाईच्या हाती पाच हजार, आणि तीच बाई दीड लाखावर थांबली असती तर हाती ४२ हजार. गोष्ट मुलांच्या गोष्टीसारखी लिहिलेली असली तरी हिशेब पैशाला पैसा जुळतो. फळ्यावर शेवटचा आकडा लिहिल्यावर वर्गात जी शांतता झाली, ती बर्गमन यांच्या मौनापेक्षा नक्कीच अधिक बोलकी होती.

आता हे शंभराच्या वर जाते कसे, हा प्रश्न सरांनी सोडून दिला होता, आणि तो या वर्गातील सर्वांत मोठा उणेपणा मी मानतो. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला तिथे प्राप्तिकर तर द्यावाच लागे. शिवाय सामाजिक विम्याचा जो वाटा एरवी मालक भरतो, तोही त्यालाच भरावा लागे, कारण लेखिकेचा मालक कोण? ती स्वतःच. आपल्याकडे भविष्यनिर्वाह निधीत मालकाचा वाटा आणि कामगाराचा वाटा असतो. दोन्ही वाटे एकाच माणसाच्या गळ्यात पडले तर काय होईल, तशी ही गत. प्राप्तिकराचा दर ठरवणाऱ्याने आपला रकाना पाहिला, विम्याचा हप्ता ठरवणाऱ्याने आपला. दोन रकान्यांची बेरीज करण्याचे काम कोणाचेच नव्हते. आयुष्यभर मी सरकारी तक्त्यांत अशा न झालेल्या बेरजा पाहिल्या आहेत. हे सारे मी मध्यंतरात चहाच्या टेबलाशी चार-पाच जणांना सांगितले, पण ते व्यासपीठावरून यायला हवे होते.

अर्थमंत्री स्ट्रेंग यांनी संसदेत लिंडग्रेन यांच्या लेखनकौशल्याचे कौतुक केले आणि करव्यवस्थेविषयीचे त्यांचे अज्ञान मात्र गाढ असल्याचे सांगितले. त्यावर लिंडग्रेन यांचे उत्तर असे होते, की स्ट्रेंग यांना गोष्टी सांगता येतात पण हिशेब येत नाही, तेव्हा आम्ही दोघांनी कामांची अदलाबदल केलेली बरी. एकवीस वर्षे देशाचा जमाखर्च पाहिलेल्या माणसाला एका बालसाहित्यिकेने असे सुनवावे, आणि आकडे तिच्याच बाजूने असावेत! त्या संध्याकाळी मी सात रस्त्यापर्यंत चालत गेलो. रिक्षा केलीच नाही.

येथे एक गोष्ट मला फार खटकली. सरांनी पाचही दिवसांत १९७६ च्या भारताचा उल्लेख केला नाही. वर्ग सोलापुरात, श्रोते मराठी, त्यातले निम्मे साठीच्या पुढचे. त्यांना १९७६ म्हटले की काय आठवते, हे का सांगायला हवे? आणीबाणी चालू होती, लोकसभेची मुदत वाढवून निवडणूक पुढे ढकलली होती, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी आणीबाणीविरुद्ध आवाज उठवला आणि १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. एका देशात एक लेखिका सरकारची गोष्ट लिहिते आणि अर्थमंत्री संसदेत तिला उत्तर देत बसतात. दुसऱ्या देशात एक लेखिका बोलते आणि तुरुंगात जाते. वर्षही तेच. ही जोडणी मी पाचव्या दिवशी प्रश्नोत्तरांत मांडली तेव्हा सरांनी ‘तो स्वतंत्र विषय आहे’ असे म्हटले. मला ते पटले नाही.

कराच्या बाबतीतही तुलना हाताशी होती. आपल्याकडे १९७३-७४ साली सर्वांत वरच्या टप्प्याचा दर अधिभार धरून ९७.७५ टक्के होता, १९७४-७५ मध्ये तो ७७ वर आला आणि १९७६-७७ मध्ये ६६ वर. म्हणजे ज्या वर्षी स्वीडनमध्ये पोम्पेरिपोसा गाजत होती, त्याच वर्षी आम्ही उमेदवार मंडळी नव्या दरांचे तक्ते वहीत उतरवून घेत होतो. आमच्या वकीलसाहेबांचे एक सूतव्यापारी अशील त्या जुन्या दराविषयी म्हणत, की सव्वादोन टक्क्यांसाठी कोण दुकान उघडील? हा प्रश्न आणि पोम्पेरिपोसाचा प्रश्न यांत भाषेचाच काय तो फरक.

चौथा शनिवार सर्वांत गर्दीचा आणि सर्वांत पातळ होता. १९ जून १९७६ रोजी राजे कार्ल सोळावे गुस्ताफ यांचा सिल्व्हिया सोमरलाथ यांच्याशी विवाह झाला. आदल्या संध्याकाळी रॉयल ऑपेरात अ‍ॅबा या गायकसंचाने ‘डान्सिंग क्वीन’ हे नवे गाणे सादर केले. जुलैत वीस वर्षांच्या ब्यर्न बोर्गने एकही सेट न गमावता पहिले विम्बल्डन जिंकले. चित्रफिती दाखवल्या, टाळ्या पडल्या. पडद्यावर संचाचे नाव ‘आबा’ असे लिहिले गेल्यामुळे मागच्या रांगेतील मुले बराच वेळ कोणाच्या तरी आजोबांविषयी कुजबुजत होती.

त्याच दिवशी शेवटची वीस मिनिटे मात्र अनपेक्षितपणे जड निघाली. जून १९७६ मध्ये तिथल्या कामगार महासंघाने रुडॉल्फ माईडनर या अर्थतज्ज्ञांची योजना अधिवेशनात मंजूर केली. मोठ्या कंपन्यांनी दरवर्षी नफ्याच्या २० टक्क्यांइतके नवे शेअर काढून ते कामगारांच्या सामाईक निधीला द्यायचे, म्हणजे काही वर्षांत कंपनीची मालकी हळूहळू निधीकडे सरकेल, अशी ती कल्पना. हे ऐकताना वर्गात चुळबुळ थांबली. या शहराने जुनी गिरणी बंद पडताना पाहिली आहे, नंतर लक्ष्मी-विष्णूही पाहिली. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ, ज्यांचे वडील गिरणीत साच्यावर होते, उठून एवढेच म्हणाले, की आमच्या वडिलांना शेअर नको होते, थकलेली देणी मिळाली असती तरी पुरे होते. सरांनी त्यावर घाईने भाष्य केले नाही, याबद्दल मी त्यांना मानतो. त्याच वर्षी मंजूर झालेला, कामगारांना कंपनीच्या निर्णयांत वाटाघाटीचा हक्क देणारा कायदा मात्र दोन वाक्यांत उरकला गेला. लग्नाच्या चित्रफितीतील दहा मिनिटे इकडे वळवता आली असती.

पाचवा शनिवार निवडणुकीचा. १९ सप्टेंबर १९७६ रोजी जवळपास ९२ टक्के मतदान झाले आणि पाल्मे यांचे सरकार गेले. पुस्तिकेत पक्षवार जागांचा तक्ता आहे: सोशल डेमोक्रॅट १५२, सेंटर ८६, मॉडरेट ५५, पीपल्स पार्टी ३९, डावे कम्युनिस्ट १८. सवयीने मी खाली बेरीज मारली, ती ३५० आली. पहिल्याच दिवशी ३४९ जागांची एवढी कथा ऐकलेली. तेव्हा कुठेतरी एक जागा जास्त छापली गेली होती हे उघड होते. डाव्या कम्युनिस्टांच्या जागा १७ होत्या. सरांना दाखवले तेव्हा त्यांनी सर्वांसमोर चूक कबूल करून प्रत्येकाला पुस्तिकेत दुरुस्ती करायला लावली. व्यासपीठावरून इतक्या मोकळेपणाने चूक मान्य करणारे थोडे.

पण मोठी चूक बेरजेची नव्हती, ती अर्थ लावण्याची होती. माहितीपत्रकात, पुस्तिकेच्या मलपृष्ठावर आणि सरांच्या समारोपात एकच दावा होता: एका गोष्टीने सरकार पाडले. टाळी घेणारे वाक्य आहे, आणि लिंडग्रेन यांच्या लेखाचा परिणाम झाला हे सर्वसाधारणपणे मानलेही जाते. तरी आकडे पाहा. सोशल डेमोक्रॅट पक्षाची मते १९७३ मध्ये ४३.६ टक्के होती, १९७६ मध्ये ४२.७. घट एक टक्काही नाही. ज्यांच्या नेतृत्वाखाली नवे सरकार आले, त्या सेंटर पक्षाची मतेही २५.१ वरून २४.१ वर उतरली होती. आधी तराजूचे दोन्ही काटे समान होते; तो जरासा कलला आणि सेंटर, मॉडरेट आणि पीपल्स पार्टी या विरोधी तिघांच्या जागा १८० भरल्या. अशा वेळी कोणत्या वजनाने काटा हलला हे एका शब्दात सांगता येत नाही. कर होता, बर्गमन यांची अटक होती, माईडनर योजनेने घाबरलेले छोटे-मोठे मालक होते.

आणि अणुऊर्जा होती. नवे पंतप्रधान थॉर्ब्यर्न फेल्डिन हे उत्तरेकडचे मेंढपाळ शेतकरी. अणुभट्ट्यांना त्यांचा कडवा विरोध होता, आणि प्रचारात त्यांनी तो विषय शेवटपर्यंत लावून धरला. ८ ऑक्टोबरला ते पंतप्रधान झाले आणि लगेचच मित्रपक्षांच्या आग्रहापुढे नमून बर्सेबेक येथील दुसऱ्या अणुभट्टीत इंधन भरण्यास त्यांना संमती द्यावी लागली. ज्या विषयावर मते मागितली, त्याच विषयावर पहिल्या महिन्यातच माघार. आणि दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९७८ मध्ये, त्यांचे सरकार याच अणुऊर्जेच्या वादात मोडले. या सगळ्याला वर्गात जेमतेम बारा मिनिटे मिळाली. मी घड्याळ लावून पाहिले होते.

बर्गमन आणि लिंडग्रेन यांना दोन वेगळ्या शनिवारी ठेवल्यानेही नुकसान झाले. ३० जानेवारीला अटक, १० मार्चला गोष्ट, २३ मार्चला आरोप मागे, एप्रिलमध्ये देशत्याग: या तारखा फळ्यावर एका ओळीत लिहिल्या असत्या, तर त्या वसंत ऋतूत स्वीडनच्या कर-खात्याची काय अवस्था झाली असेल ते कोणालाही न सांगता कळले असते. मी त्या माझ्या पुस्तिकेच्या आतल्या पानावर लिहून ठेवल्या आहेत.

व्यवस्थेविषयी थोडे. खुर्च्या लोखंडी घडीच्या आहेत. दोन तास बसायचे तर घरून उशी न्यावी. पंखे तीन, त्यातला एक फिरतो आणि एक फक्त आवाज करतो. मार्चनंतर सोलापुरात संध्याकाळी सहाला वर्ग ठेवायचा असेल तर याचा विचार व्हावा. चहा चांगला. पुस्तिकेची छपाई स्वच्छ आहे, पण मराठी जागोजागी इंग्रजीच्या कुबड्या घेऊन चालते. ‘सीमांत कर’ हा सरळ शब्द असताना ‘किरकोळ करदर’ असे छापणे अक्षम्य आहे. शंभराच्या वर गेलेला दर आणि किरकोळ? स्वीडिश नावांचे उच्चार पुस्तिकेत एक, पडद्यावर दुसरे आणि सरांच्या तोंडी तिसरे. ज्येष्ठांना शुल्कात सवलत नाही, विद्यार्थ्यांना निम्मी आहे, आणि ते योग्यच आहे. एका शनिवारी वीज गेली तेव्हा सरांनी मोबाइलच्या उजेडात अर्धा तास तसेच शिकवले. पुढच्या वेळी तो वेळ भरूनही दिला.

पुढचा वर्ग दिवाळीनंतर आहे, देश अजून ठरायचा आहे. मी नाव नोंदवले आहे आणि आगाऊ पैसेही भरले आहेत. नोंदणी करणाऱ्या मुलीला मी पुस्तिकेची दुरुस्त केलेली प्रत दिली. तिने ती उलटून पाहिली आणि विचारले, काका, पुढची पुस्तिका छापण्याआधी बेरजा तुम्हीच तपासून द्याल का? हो म्हटले आहे. मजकूर आठ दिवस आधी मिळाला पाहिजे, एवढीच अट घातली.